पत्र्याला माया नसते

माझं दुकान लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका बोळात होतं. डिझायनर हा शब्द तेव्हा पुण्यात पोचायचा होता. लग्नाचे कपडे मी डोक्यातून कागदावर आणि कागदावरून कापडावर उतरवत असे, अगदी नवरीच्या उभं राहण्याच्या पद्धतीपासून सगळा विचार करत असे, तरी बायकांच्या लेखी मी ‘ब्लाउजवाल्या बाई’च. एक-दोनदा मी दुरुस्ती करून पाहिली, मग सोडून दिलं. एखादा ब्लाउज बिघडला असता तर मात्र याच बायकांनी मला पेठापेठांत प्रसिद्ध केलं असतं.

मी दोन वर्षांची असताना ताप आला आणि जाताना माझे दोन्ही पाय घेऊन गेला. पोलिओ. तेव्हापासून पायांना लोखंडी कॅलिपर आणि काखेत कुबड्या. दुकानाच्या तीन पायऱ्या मी कठडा धरून चढत असे आणि शिवायला हातानं फिरवायचं मशीन होतं, त्यामुळे दुकानात माझं कुणावाचून अडत नसे. अडायचं ते दुकानापर्यंत पोचण्यात. ते काम बाबांचं. सकाळी साडेनवाला ते मला उचलून स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवायचे, कुबड्या पायांशी आडव्या बांधायचे आणि दुकानाशी उतरवायचे. संध्याकाळी पावणेसहाला बोळाच्या तोंडाशी हजर. कचेरीत नोकरी होती तोवर ते वरिष्ठांना सांगून लवकर निघत. निवृत्त झाल्यावर सांगायलाही कुणी उरलं नाही. एकोणीस वर्षांत ते पावणेसहाचे सहा झाले नाहीत. पाऊस असो, ताप असो, घरी पाहुणे असोत.

मग एका सकाळी मला उचलताना ते मध्येच थांबले. अर्ध्यावर. मी त्यांच्या हातांवर, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी मला सावकाश पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसले. ‘काही नाही, वारा धरला,’ म्हणाले. डॉक्टर म्हणाले, वारा नाही, हृदय आहे. स्कूटरला किक मारायची नाही आणि ओझं उचलायचं नाही. हे ‘ओझं’ डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता उच्चारलं, तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

बाबांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेनवाला स्कूटर काढून उभे. मी म्हटलं, रिक्षानं जाते. पण रिक्षात चढायलाही मला कुणीतरी उचलावंच लागायचं, आणि परक्या माणसानं काखेत हात घालून उचललेलं मला चालत नसे. बाबांना त्याहून चालत नसे. म्हणजे मार्ग दोनच होते. दुकान बंद करायचं, किंवा मी स्वतः चढेन, स्वतः चालवीन आणि स्वतः उतरेन अशी गाडी करायची. ‘करायची’च म्हणते, कारण विकत मिळत नव्हती. आमच्यासारख्यांना मिळायची ती मागे दोन जादा चाकं जोडलेली स्कूटर. पावसात भिजत, गुडघ्यावर नवरीचा शालू घेऊन त्या तीनचाकीवरून जायची माझी तयारी नव्हती. हट्टी म्हणा. तेव्हा सगळे म्हणतच होते.

एक जुनी दोनदारी गाडी मिळाली. रंग उडालेला, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. मी तिच्याकडे पाहिलं ते गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं: हिचं कुठे तंग आहे, कुठे सैल, कुठून उसवावं लागेल. दार मला हवं त्याच्या निम्मंच उघडत होतं. सीट फार आत होतं. आणि तीन पेडल होती, ती माझ्या दृष्टीनं शोभेची. एका मेकॅनिकनं पेडल हातावर घ्यायची युक्ती सांगितली आणि क्लचचा भाग स्वतः जोडून दिला. पण पत्र्याचं आणि सीटचं सगळं मीच बेतलं. बसायच्या गादीचा दाराकडचा अर्धा भाग मी सॅटीनचा केला, म्हणजे काठावर टेकलं की अंग आपोआप आत सरकतं. आतला अर्धा जाड कॉर्डरॉयचा, म्हणजे ब्रेक लागला तरी मी पुढे घसरणार नाही. कापड अंगाला कसं धरतं आणि कसं सोडतं, हे मला कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त कळत होतं. याचा मला गर्व होता. तो पुढे नडला.

पत्र्याचं काम भवानी पेठेतल्या एका चाचांकडे होतं. त्यांच्या तीन पिढ्या पत्रा ठोकण्यात गेलेल्या. ते हातोडी मारायच्या आधी पत्र्यावरून तळहात फिरवायचे. मला हे आवडायचं, मीसुद्धा कात्री लावायच्या आधी कापडावरून हात फिरवते. दार त्यांनी जागेवर ठोकून, बिजागऱ्या मागे घेऊन असं बसवलं की मी त्यात आरामात वळू शकत होते. ब्रेकचं हँडल मात्र कागदावरून कापायचं होतं. स्टिअरिंगच्या बाजूला एक लोखंडी पट्टी. ती हातानं खाली दाबली की ब्रेक लागणार. मी सीटवर बसून मापं घेतली आणि खाकी कागदावर पट्टीचा आकार काढला, रोज बाहीचा काढते तसाच.

चाचा तो कागद घेऊन दुकानात आले तेव्हा समोर एक नवरी, तिची आई आणि दोन मावश्या बसल्या होत्या आणि गळा किती खोल यावर चौघींचं एकमत होत नव्हतं.

‘बाई, यावर दोन रेघा आहेत. कुठल्या रेघेवर कापू?’

‘बाहेरच्या. बाहेरूनच कापतात ना, चाचा! एवढंही विचारायचं?’

मावश्या हसल्या. चाचा कागदाची घडी करून गेले.

परवान्याच्या परीक्षेला मी आधी एकदा जाऊन आले होते, गाडी पुरी व्हायच्या आधीच, मेकॅनिकनं बांधून दिलेल्या तात्पुरत्या हँडलवर. तिथल्या साहेबांनी गाडी पाहिली, माझे कॅलिपर पाहिले आणि मला मैदानाला एक फेरीही मारू न देता परत पाठवलं. ‘पक्कं काम करून आणा. पुढच्या वेळीही असंच दिसलं तर मग तीनचाकीचाच अर्ज करा, माझा आणि तुमचा वेळ वाचेल.’ ही दुसरी वेळ एका गुरुवारी ठरली. आईनं तोवर बाबांच्या गोळ्या स्वयंपाकघरात आणून ठेवल्या होत्या, कारण कपाटात असल्या की ते घ्यायचे नाहीत. रोज सकाळी ते मला उचलत आणि रोज मी त्यांच्या छातीवर कान असल्यासारखी बसत असे. गुरुवारी नापास झाले तर दुकानाला कुलूप लावायचं, हे मी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं.

आधीच्या रविवारी आम्ही नवी गाडी घेऊन खडकवासल्याच्या रस्त्याला निघालो. नियमानं शेजारी गाडीचा परवाना असलेला माणूस हवा. बाबांचा परवाना स्कूटरचा. तेवढा नियम आम्ही मोडला. जाताना सगळं झकास. ब्रेक हळू दाबला की गाडी हळू थांबत होती. रस्ता मोकळा, जोरात दाबायची वेळच आली नाही. बाबा खिडकीवर कोपर ठेवून बसले होते. इतकं ऐसपैस बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. धरणाजवळ पोचलो, पाणी पाहिलं, आणि परत फिरलो.

उतारावर वळण घेतलं आणि समोर म्हशी. सात-आठ असतील, रस्ता भरून. मी हँडल दाबलं. गाडीचा वेग कमी झाला, पण थांबली नाही. मी सगळा जोर लावला, खांद्यापासून. हँडल अर्ध्याहून जरा खाली गेलं आणि कशाला तरी लागून खटकन अडलं. पुढे जाईना. मी दाबतेय, ते अडतंय, म्हशींची पाठ मोठी होत चाललीय. पाय असते तर पायांनी काही केलं असतं. माझ्याकडे दोन हात होते आणि दोन्ही कामात होते. बाबा गाडी कधी शिकलेले नव्हते, पण दोघांच्या मधला हँडब्रेक त्यांनी दोन्ही हातांनी उपटावा तसा ओढला. गाडी फरफटली, रस्त्याच्या कडेच्या मुरमात शिरली आणि बाभळीच्या झुडपात जाऊन थांबली.

म्हशी निघून गेल्या. त्यांचा मालक मात्र खिडकीशी आला, आत डोकावला आणि म्हणाला, ‘बाय, ही गाडी हाय का रेडा? जरा येसण घाला की हिला.’ मग त्याला बाबांचं कपाळ दिसलं. काचेवर आपटून भुवईच्या वर फुटलं होतं. रक्त नाकाच्या बाजूनं खाली येत होतं. बाबा ते पुसत नव्हते. ते छातीवर हात ठेवून बसले होते, आणि मी एवढंच विचारत होते, ‘दुखतंय का? बाबा, दुखतंय का?’

‘नाही,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘बास झालं आता हे.’

त्या म्हशीवाल्यानंच ओळखीचा एक टेम्पोवाला आणला. त्यानं आमची गाडी दोर बांधून ओढत भवानी पेठेत नेली.

सोमवारी सकाळी मी चाचांच्या गॅरेजात गेले. रिक्षानं गेले, परक्या माणसानं उचललेलं सहन करत गेले, इतकी चिडले होते. दोन कारागीर, एक गिऱ्हाईक आणि चहावाला असे सगळे असताना मी चाचांना नाही नाही ते बोलले. माझ्या बापाचा जीव घेतला असता तुम्ही. तीन पिढ्यांचा अनुभव म्हणे! चाचा खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर ते गाडीत बसले, मी पुढे ओढलेलं सीट तसंच ठेवलं आणि हँडल दाबलं. खट. हँडलचं टोक सीटच्या खालच्या लोखंडी कडेवर अडत होतं. गॅरेजात तपासताना सीट मागे होतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. हँडल एक इंच लांब होतं. बरोबर एक इंच.

चाचांनी खिळ्याला अडकवलेला माझा खाकी कागद काढला आणि माझ्यासमोर बॉनेटवर पसरला. आतली रेघ बारीक. बाहेरची ठळक. दोन्हींच्या मध्ये, माझ्याच अक्षरात, ‘माया १ इं.’

ज्यांना शिवणकाम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कपडा बेतताना शिलाईच्या रेघेबाहेर थोडं कापड जास्त सोडतात. उद्या माणूस जाडा झाला, कपडा आटला, तर उसवून सैल करता यावा म्हणून. त्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. ती सोडल्याशिवाय माझा हात चालतच नाही. कुठल्याही कागदावर मी आधी माप काढते आणि मग न बघता त्याच्या बाहेर एक रेघ मारते. ब्रेकच्या हँडललासुद्धा मी माया सोडली होती.

‘मी विचारलं होतं, बाई,’ चाचा म्हणाले. आवाज चढवला नाही. ‘पत्र्याला माया नसते. पत्रा कापला की कापला.’

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात ते हेच. बरं, अंगण वाकडं म्हणून मी भर गॅरेजात ओरडून झालं होतं. मला तोंड वर करवेना. मी म्हटलं, ‘चाचा, चूक माझी आहे. त्या दिवशी दुकानातही मी तुम्हाला तोडून बोलले.’ हे मी त्याच कारागिरांच्या आणि चहावाल्याच्या देखत म्हटलं, कारण शिव्याही त्यांच्याच देखत दिल्या होत्या. चाचांनी चहावाल्याकडून एक कप घेतला आणि माझ्या हातात दिला. ‘उद्या संध्याकाळपर्यंत नवीन देतो,’ म्हणाले, आणि कामाला लागले.

घरी मात्र विषय संपला होता. बाबा कपाळाला पट्टी लावून पेपर वाचत बसायचे आणि मी गाडीचं काही काढलं की पान उलटायचे. मी सांगितलं, चूक माझीच होती, आता दुरुस्त होईल. ‘हो का,’ म्हणाले. मी सांगितलं, गुरुवारी जायचंय. ‘तू जा. मी त्या गाडीत बसणार नाही आणि तुलाही बसू देणार नाही,’ एवढं एका दमात बोलले, ज्याचा काही मेळ लागत नव्हता. मी ओरडले की माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी चाललंय हे. ते म्हणाले, ‘मी कधी तक्रार केली?’ आई म्हणाली, दोघंही गप्प बसा, भाजी करपतेय.

गुरुवारी सकाळी मी तयार होऊन बसले, कुणाच्या भरवशावर ते मलाही ठाऊक नव्हतं. चाचा गाडी घेऊन दारात आले. बाबा उठले, चपला घातल्या आणि सरळ जाऊन गाडीत शेजारच्या सीटवर बसले. मला उचलायला आले नाहीत. मी दाराशी पोचले, कुबड्या आत टाकल्या, सॅटीनवर टेकले आणि आत सरकले. बाबा समोर बघत म्हणाले, ‘चला. साहेब लोकांना थांबायची सवय नसते.’

हे मत कसं बदललं, ते मला चाचांनी कानाशी सांगितलं. बुधवारी दुपारी बाबा बसनं गॅरेजात आले होते. माझ्या सीटवर बसले, सीट पुढे ओढलं आणि नवीन हँडल दाबत राहिले. तासभर. चाचा म्हणाले, ‘मी मोजणं सोडून दिलं.’

परीक्षेच्या मैदानात साहेबांनी पहिल्यांदा हँडल स्वतः दाबून पाहिलं. मग मला आठचा आकडा काढायला लावला, मग उलटी गाडी घ्यायला लावली. साहेब शेजारी, बाबा लांब भिंतीपाशी, हात मागे बांधून. तळहाताला इतका घाम होता की मी पदराला हात पुसत होते. शेवटी साहेब म्हणाले, सरळ जा, वेगात. मी गेले. समोर भिंत, भिंतीपाशी बाबा. गाडी त्यांच्याकडेच चाललेली. आता बाजूला होतील, असं मला वाटलं. ते हलले नाहीत. एक पाऊलही नाही.

‘थांबवा!’ साहेब ओरडले.

मी दाबलं. हँडल शेवटपर्यंत खाली गेलं. गाडी जागच्या जागी थांबली. सॅटीनवर असते तर घसरले असते, कॉर्डरॉयनं धरून ठेवलं. बाबा दहा-बारा पावलांवर तसेच उभे होते.

साहेबांनी कागदावर सही केली. ‘ही गाडी फक्त तुम्ही चालवायची, दुसऱ्या कुणी नाही,’ म्हणाले. मी मान हलवली.

बाहेर आल्यावर बाबांनी गाडीचं दार उघडलं नाही. ‘तू हो पुढे, दुकान उघड. मला जरा काम आहे.’ त्यांना कसलंही काम नव्हतं. मी एकटी निघाले. दुकानापर्यंतचा रस्ता मला आज काही आठवत नाही. एवढंच आठवतं की मी पोचले.

सहाला मी दुकान बंद केलं आणि घरी आले. बाबा घरी नव्हते. आईला वाटलं होतं ते माझ्याबरोबर आहेत, मला वाटलं होतं ते घरी आहेत. साडेसहा झाले, सात झाले. गोळ्यांची डबी स्वयंपाकघरात तशीच. आई डबी उचलून पुन्हा तिथेच ठेवत होती. माझ्या डोक्यात नको ते येत होतं: आज उन्हात इतका वेळ उभे, भिंतीपाशी न हलता उभे, आणि मी त्यांना रस्त्यात सोडून आले. आठला मी किल्ली घेऊन उठले. कुठे शोधणार होते कोण जाणे. तेवढ्यात दारातल्या पायरीवर चपला वाजल्या.

‘कुठे होतात?’ मी अक्षरशः ओरडले.

‘सिनेमाला,’ बाबा म्हणाले.

एकोणीस वर्षांत ते सिनेमाला गेले नव्हते. दुपारचा खेळ असला तरी पावणेसहाच्या आत संपायची खात्री नसायची, म्हणून. हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

‘आठ वाजता?’ आई म्हणाली.

‘तीनच्या खेळाला गेलो. साडेपाचला रंगात आला होता अगदी. पण पाय आपोआप उठले. बाहेर आलो, फुटपाथवर स्कूटर शोधली. मग लक्षात आलं, स्कूटर आणलेलीच नाही, आणि मला कुठे जायचंही नाही.’ त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. ‘दारावरचा माणूस परत आत सोडेना. मग सहाच्या खेळाचं तिकीट काढलं. साडेसातपर्यंत बसलो, मग म्हटलं तुम्ही काळजी करत असाल. शेवट काही बघून झाला नाही.’

मला रडू कोसळलं. मी स्वतःला सोडवायला निघाले होते, फार तर त्यांच्या छातीला. त्यांची प्रत्येक संध्याकाळ मी एकोणीस वर्षं अडवून ठेवली होती, आणि आज ती परत दिली तर त्यांना तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. आई म्हणाली, ‘पास झालीस ना? मग रडतेस कशाला?’ बाबांनी ताट घेतलं.

‘बाबा,’ मी नाक पुसत म्हटलं, ‘उद्या संध्याकाळी दुकानाशी याल?’

‘कशाला? गाडी आहे की तुझी.’

‘तुम्हाला घरी आणायला.’

‘म्हणजे मी बसनं तिथवर यायचं, तू मला इकडे आणायचं. काय अर्थ आहे?’ असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी बाहेर डोकावले तर ते बोळाच्या तोंडाशी येऊन उभे होते.